निम्मी झीज

४ सप्टेंबर २००६, अंबरनाथ

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: घराचा लोखंडी दरवाजा, कडीकोयंड्यासकट. स्वयंपाकघरातली मांडणी. बकुळाचं शिलाई मशीन, म्हणजे मुंडकं भंगारातलं आणि खालचा सांगाडा अख्खा माझा. विहाराच्या पायऱ्यांचा कठडा आणि त्यावरची अशोकचक्रं, चोवीस आऱ्यांची, एकही आरा कमी नाही. पोराची, राजरत्नची, पहिली तीनचाकी. उल्हासनगरच्या गाळ्यातला लेथ. तो काही मी जन्माला घातला नाही, पण ज्या अवस्थेत मी तो घेतला त्या अवस्थेत त्याला लेथ म्हणायला कोणी धजलं नसतं, म्हणून यादीत धरतो. आणि बुटांचे चार जोड, पाचवा हातात आहे, सगळे माझ्या स्वतःच्या पायांसाठी.

ही वही शशिकांतने दिली. तो सैन्यात क्लार्क होता. आता बदलापूरला मांजर्लीत राहतो आणि माझ्यासारख्या माजी सैनिकांचे पेन्शनचे कागद करून देतो. म्हणाला, "गमरे साहेब, रोज काय दुखतं ते लिहून काढा. बोर्डापुढे कामाला येईल." पहिल्या पानावर मला दुखण्याची यादी नको होती, म्हणून आधी ही.

आता दुखणं. मी सैन्यात ड्रायव्हर होतो. १९८८ साली डोंगरातल्या रस्त्यावर गाडी उलटली आणि डावी मांडी वरच्या बाजूला मोडली. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. १९९२ ला घरी आलो. पायाची तीस टक्के अपंगता धरून पेन्शनला थोडी जोड मिळते. गेली तीन वर्षं डावा खुबा धरतो. डॉक्टर म्हणतो सांधा झिजलाय, बदलावा लागेल. ऑपरेशन फुकट होईल, पण मग तीन-चार महिने गाळा बंद, आणि घर खाणार काय? म्हणून अर्ज केला आहे की हा खुबा त्याच मोडलेल्या पायामुळे गेला, हे मान्य करा आणि पेन्शन वाढवा. मान्य झालं तर ऑपरेशन. नाही झालं तर आहे तसंच.

शशिकांत फी घेत नाही. फुकट काम करणाऱ्याकडे जरा नीट बघावं लागतं.

१० सप्टेंबर

नवा जोड पूर्ण झाला. डाव्याचा तळ २९ मिलिमीटर चढवला. उजव्याचाही बाहेरून तेवढाच जाड दिसतो, पण तो आतून कोरलेला आहे, पाय खाली बसतो. त्यामुळे बाहेरून दोन्ही सारखे आणि चालणारा माणूस सरळ. ही युक्ती कुठल्या दुकानात मिळत नाही.

९३ सालच्या पहिल्या जोडात १४ चढवले होते. मग १७, मग २१, मग २५. तेव्हा माझी माप घ्यायची पद्धत कच्ची होती, आणि रबर दबतं हेही लक्षात आलं नव्हतं. आता कुठे बरोबर मापावर आलो.

बकुळा म्हणाली, "अहो, दर वेळेला रबरच कसं काय चुकतं?"

तिला यातलं कळत नाही.

दुखणं: विशेष नाही.

१२ सप्टेंबर

मुंबईला मेडिकल बोर्ड झालं. तीन डॉक्टर, मधले कर्नल. टेबलावर झोपवून पाय आत-बाहेर फिरवला. दात दाबून धरले, आवाज काढला नाही. मग कर्नल म्हणाले, "जूते उतार के चलो." मी म्हटलं, "सर, सिपाही जूते में चलता है." तिघंही हसले. म्हणाले, ठीक है, चलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत परेडसारखा गेलो, वळलो, परत आलो. कर्नल म्हणाले, "वाह."

मग विचारलं, आजकल क्या करते हो? इथे मी सविस्तर सांगितलं. इतक्या आदबीने आजवर कोणी विचारलं नव्हतं. लेथ कसा उभा केला, कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, यंत्राचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन कसं वाचलं, दिवसदिवस उभ्याने काम कसं चालतं, आनंदनगरच्या कारखान्यांचे सुटे भाग माझ्याकडेच का येतात. कडेचे कॅप्टन लिहून घेत होते. चांगलं मन लावून लिहीत होते, मध्ये मान हलवत.

बाहेर शशिकांत उभा. "काय विचारलं?"

म्हटलं, उत्तम झालं सगळं.

"थोडं लंगडलात ना?"

मी परेडच्या चालीने गेटकडे निघालो.

१४ ऑक्टोबर

धम्मदीक्षेला आज पन्नास वर्षं झाली. विहार भरून वाहत होतं. मी दारातच उभा राहिलो. आत जायचं तर बूट काढावे लागतात, आणि मांडी घालून बसावं लागतं. शिवाय चपला सांभाळायला कोणीतरी हवंच. वंदना दारातून म्हटली, सगळी, एकही ओळ न गाळता.

परत येताना बकुळा म्हणाली, "बायका विचारतात, गमरे भाऊजींना विहाराचं वावडं आहे का? कठडा लावून दिल्यापासून आत पाऊल नाही त्यांचं."

"काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, गर्विष्ठ आहेत."

वाटू दे. कठडा कोणी केला ते सगळ्यांना माहीत आहे.

दुखणं: पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला. मजबूत आहे.

२६ नोव्हेंबर

घरात काहीतरी शिजतंय. नोंद करून ठेवतो.

एक, पिठाचा डबा जो घर घेतल्यापासून खाली असायचा तो ओट्यावर आला. दोन, माझ्या पलंगाच्या चारही पायांखाली विटा. विचारलं तर बकुळा म्हणते, झाडू नीट फिरतो. मी लेव्हल लावून पाहिली, एका कोपऱ्यात सुतभर फरक होता. पत्र्याचा तुकडा घालून काढला. बसताना-उठताना सोपं जातं हे खरं, पण म्हणून न विचारता? तीन, राजरत्न. बँकेच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो, दिवसा झोपायचं सोडून गाळ्यात येतो आणि जड माल आधीच उचलून लेथजवळ लावून ठेवतो. लहानपणी लेथचा आवाज आला की कानांवर हात ठेवायचा, आणि आता अचानक प्रेम?

चार, गाळ्यात एक उंच स्टूल आलं आहे. राजरत्न म्हणतो, "बाबा, बसून करा की." लेथवर बसून काम करणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. स्टुलावर तेलाचा डबा ठेवला.

पाच, चेलाराम. शेजारच्या गाळ्यात तो पर्सच्या चेन विकतो, आणि माझ्या गाळ्याकडे त्याची नजर आधीपासूनची. आज म्हणाला, "सुदाम भाई, अब लडके को बिठाओ, साईं. तुम आराम करो." राजरत्न त्याच्याकडे चहा पिताना मला दोनदा दिसला आहे. पोरगा बसणार, मग पोरगा विकणार, आणि घेणार कोण ते सांगायला नको.

१९ जानेवारी २००७

पत्र आलं. नामंजूर.

कारणं इंग्रजीत. मी स्वतःच वाचली, शशिकांतची वाट पाहिली नाही. चाल सामान्य. खुब्याचा आजार सेवेतल्या दुखापतीशी संबंधित नाही. सेवेनंतर दीर्घ काळ उभ्याने करण्याच्या व्यवसायामुळे झीज.

पहिलं वाक्य ठीक आहे. सामान्यच आहे चाल, त्यासाठीच बूट. पण व्यवसाय? मी अर्जात व्यवसायाचा शब्द लिहिलेला नाही. शशिकांतनेच तो रकाना कोरा ठेवायला लावला होता. मग लेथ, उभ्याने काम, हे मुंबईला गेलं कसं?

कोणीतरी कळवलं आहे.

राजरत्नने पत्र दोनदा वाचलं आणि खाली मान घालून बसला. अपराधी माणूस असाच बसतो. बकुळा म्हणाली, "आता ऑपरेशनचं?" मी म्हटलं, आधी माणूस शोधतो.

२३ जानेवारी

चेलारामला सरळ विचारलं. माझ्याबद्दल मुंबईला काय लिहिलंस?

"मैं? वडी, मेरे को अपना नाम लिखने में टाइम लगता है, मैं मिलिट्री को चिठ्ठी लिखूंगा?" मग त्याने पोराला हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला. मी घेतला नाही. चोराचा चहा गोड असतो.

जाताना म्हणाला, "सुदाम भाई, तुम्हारा पैर दुखता है तो गुस्सा आता है. मेरा भी घुटना है. समझता हूं."

समजतो म्हणे.

दुखणं: गाळ्यापासून रिक्षापर्यंत दोनदा थांबलो. रस्ता खणून ठेवलाय.

११ फेब्रुवारी

शशिकांत आला. अपील करता येतं, दुसरं बोर्ड बसेल. पण त्याने एक रस्ता काढला आहे, आणि तो त्याने चहा संपल्यावर, आवाज खाली आणून सांगितला. यावरूनच काय ते समजावं.

रस्ता असा. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं. गाळा राजरत्नचा. पहिल्या दिवसापासून कारागीर ठेवून चालवला, आधी बकुळाने, मग राजरत्नने. सुदाम गमरे यांनी सेवेनंतर कोणतंही अंगमेहनतीचं काम केलेलं नाही, यंत्राला हात लावलेला नाही, ते फक्त गल्ल्यावर खुर्चीत बसत. चेलाराम साक्षीदार.

"सगळे करतात, साहेब. खोटं म्हणजे कोणाच्या खिशातून चोरी थोडीच आहे? पाय तर खराच मोडलाय ना?"

"आणि बोर्डात मी सांगितलेलं?"

शशिकांत उठता उठता परत बसला. "काय सांगितलंत बोर्डात?"

मी म्हटलं, पायाबद्दल सांगितलं, दुसरं काय.

चेलाराम साक्षीदार, हे लक्षात ठेवायचं.

१२ फेब्रुवारी

राजरत्न म्हणतो, "बाबा, करून टाका सही. माझं नाव वापरा."

एवढी घाई! आज कागदावर गाळा त्याचा म्हटला की उद्या खरोखर त्याचा. मी तोंडावर बोललो. शब्द जरा जास्त गेले.

तोही चढला. "गाळा नकोय मला! त्या लेथचा आवाज अजून डोक्यात जातो माझ्या. पुण्याची नोकरी लागली होती, दुप्पट पगार होता. सोडली. कोण उचलणार होतं तुमचा माल? तुम्ही? तुम्हाला मोजे घालायला आई लागते!"

बकुळाने त्याला गप्प केलं.

पुण्याच्या नोकरीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. हेही लपवलंच की. आणि मोज्यांचं त्याला कोणी सांगितलं?

४ मार्च

आज रविवार. बकुळा मोजे चढवत होती, डावा. मी शशिकांतवरचा संशय बोलून दाखवला. म्हटलं, बोर्डाला हाच कळवत असेल, म्हणजे पुन्हा अपील, पुन्हा ये-जा. फी घेत नाही ती उगाच नाही.

तिने मोजा अर्ध्यावर सोडला.

"अहो, तुम्हीच सांगितलंत."

"काय?"

"त्या दिवशी मुंबईहून आलात ते दारातूनच सुरू झालात. कर्नल वाह म्हणाले, कॅप्टनने लेथचं सगळं लिहून घेतलं, एक शब्द सोडला नाही. माझ्या माहेरी फोन करून सांगितलंत. खालच्या पानवाल्याला सांगितलंत. महिनाभर तेच चाललं होतं. आणि आता माणूस शोधताय."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? पत्र आलं तेव्हा?"

"राजू म्हणाला, नको आई. बाबांना लागेल."

मोजा पूर्ण चढवून ती उठली आणि भाजी चिरायला गेली.

यावर विचार करतो आहे.

७ मार्च

सप्टेंबरचं पान उघडून वाचलं. माझंच अक्षर आहे.

चेलारामच्या शटरचं कुलूप बरेच दिवस अडकत होतं. आज खोलून साफ केलं, नवी चावी घासून दिली. पैसे घेतले नाहीत. त्याने विचारलं, "क्यों, साईं?"

म्हटलं, अटकता था.

त्याने चहा मागवला. घेतला.

२८ मे

गाळ्यात घसरलो. तेल सांडलं होतं.

राजरत्न म्हणतो तेल नव्हतं. त्याने आणि चेलारामने दोन्ही बाजूंनी धरून रिक्षात बसवलं. चेलाराम सत्तरीचा असेल, दम लागला होता त्याला. वाटेत राजरत्न रिक्षावाल्याला दर खड्ड्याला "भाऊ, जरा आरामात" म्हणत होता. घरापर्यंत. मलाच लाज वाटली त्या रिक्षावाल्याची.

दुखणं: आहे.

९ जुलै

अपिलाचं बोर्ड. बकुळा बरोबर आली. मी नको म्हटलं होतं.

या वेळी एक मेजर बाई होत्या, हाडांच्या डॉक्टर, मराठी. प्रतिज्ञापत्राचा मसुदा शशिकांतने माझ्या खिशात ठेवलेला, सही न केलेला. म्हणाला, खोलीत जाऊन अंदाज घ्या, मग बाहेर येऊन ठरवू.

मेजर म्हणाल्या, "गमरे, बूट काढा."

मी तेच वाक्य तयार ठेवलं होतं. त्यांनी ते अर्धंच ऐकलं.

"ते ठीक आहे. पण मला बूट नाही बघायचा, पाय बघायचाय. काढा."

बकुळा खाली वाकू लागली. मी म्हटलं, थांब. स्वतः काढले. वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

मग चाललो. ९३ नंतर परक्या माणसांपुढे पहिल्यांदा. फरशी गार होती. डावा खांदा खाली, परत वर, परत खाली, हे मला स्वतःला समोरच्या काचेच्या कपाटात दिसत होतं. काचेत कोणी दुसराच माणूस येत होता. भिंतीपर्यंत जाऊन वळताना तोल गेला, टेबल धरलं. बकुळा खिडकीबाहेर बघत होती. पूर्ण वेळ.

मेजरबाईंनी लाकडाचे पातळ ठोकळे एकावर एक माझ्या डाव्या टाचेखाली सरकवले आणि कंबर सपाट झाल्यावर थांबल्या. "एकोणतीस-तीस," म्हणाल्या. मी म्हटलं, एकोणतीस. त्यांनी वर पाहिलं. मग बूट उचलून आतून बघितला, बोट फिरवलं.

"हा कोणी केला?"

"मी."

"आणि आधीचे?"

मी सगळं सांगितलं. ९३ साली १४, ९७ साली १७, मग २१, मग २५, आता २९. प्रत्येक वेळी पद्धत कशी सुधारत गेलो, रबर कसं दबतं, आधीच्या मापात कुठे चुकत होतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "गमरे, तुम्ही मापात चुकत नव्हता."

"म्हणजे?"

"ब्याण्णवला सैन्यातून निघताना तुमच्या कागदावर पाय चौदा मिलिमीटर आखूड लिहिलाय. तुम्ही चौदाच चढवलेत. बरोबर होतं. त्यानंतर दर वेळी पायच आखूड होत गेलाय. वाकडं जुळलेलं हाड सांध्यावर तिरकं बसत होतं. सांधा झिजत होता, खुबा आखडत होता, आणि तुम्ही बाहेरून तेवढं रबर लावत होता. सुरुवातीपासून. लेथवर किती उभे राहिलात, त्याच्याही आधीपासून."

मी बूट परत हातात घेतला.

मला वाटत होतं की माझा हात सुधारतोय.

बकुळाने मोजे चढवले, तिथेच, सगळ्यांसमोर. मेजर लिहीत होत्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "व्यवसायाचं मला लिहावं लागेल. तुम्ही काम करत होतात ना?"

खिशात कागद होता.

"हो," म्हटलं. "लेथवर. उभ्याने."

बाहेर शशिकांतने विचारलं, काय ठरलं? म्हटलं, काही ठरलं नाही. कागद अजून खिशातच आहे, सहीची जागा रिकामी.

१० जुलै

जुना ९३ चा जोड माळ्यावर होता. राजरत्नने काढून दिला. घालून पाहिला. माणूस एका बाजूला कलंडतो.

दुखणं लिहायचं राहिलं होतं मागच्या सप्टेंबरपासून, ते लिहितो. उठताना. बसताना. कूस बदलताना. जिना चढताना, उतरताना जास्त. मोजे घालताना. शिंकताना सुद्धा.

१६ डिसेंबर

निकाल आला. या वेळी मी पत्र राजरत्नकडून मोठ्याने वाचून घेतलं. चष्मा गाळ्यात राहिला होता.

खुब्याची अपंगता चाळीस टक्के धरली आहे. त्यातली वीस टक्के सेवेतल्या दुखापतीचा परिणाम म्हणून मान्य. उरलेली वीस सेवेनंतरच्या उभ्याने केलेल्या कामामुळे, म्हणून नामंजूर. निम्मी झीज त्यांची, निम्मी माझी.

या निम्म्यावर माझा विश्वास नाही. कुठलीही वस्तू अशी बरोबर मधोमध झिजत नाही. हाताने काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. कोणीतरी टेबलावर बसून कांदा कापल्यासारखे दोन भाग केले आहेत. मी राजरत्नला दोनदा वाचायला लावलं, कुठे काही हिशेब दिलाय का ते बघायला. नाही दिलेला.

पण "सेवेतल्या दुखापतीचा परिणाम" हे शब्द आहेत. तेही दोनदा वाचून घेतले.

बकुळा म्हणाली, "मग ऑपरेशन कधी?"

राजरत्न म्हणाला, फेब्रुवारीत. त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. मला न विचारता. महिना वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

२३ डिसेंबर

शशिकांत आला, चेलारामला बरोबर घेऊन, पेढे घेऊन. आणि स्टॅम्प पेपर घेऊन, या वेळी टाइप केलेला, चेलारामची साक्षीदार म्हणून सही झालेली.

"साहेब, अर्धी लढाई जिंकली. आता पायाचं त्यांनीच मान्य केलंय, अडतंय ते फक्त या धंद्यापाशी. हा कागद लावला की उरलेले वीसही आले. मेजरबाईंसमोर बोललात त्याची काळजी करू नका, म्हणायचं म्हातारा माणूस, फुशारकी मारली. बोर्डाला सवय असते."

मी कागद वाचला. "यंत्राला हात लावलेला नाही." टायपिंगमध्ये चूक नव्हती.

चेलारामला विचारलं, तू यावर सही केलीस? रोज सकाळी माझा लेथ सुरू झाला की शिव्या कोण घालतो?

"मैं ही," तो म्हणाला. "पर सुदाम भाई, तुम्हारा टांग अच्छा होगा तो मैं बोलूंगा, ये आदमी लेथ को देखा भी नहीं. मेरा क्या जाता है?"

शशिकांतबद्दल मी वर्षभर काय काय लिहिलंय ते मला माहीत आहे. आज त्याला विचारलं, तू फी का घेत नाहीस?

तो हसला. "मी फॉर्म भरत होतो, साहेब. अठरा वर्षं. माझ्या हातून कितीकांचे नामंजूर झाले, कुठला रकाना कसा भरायचा ते त्यांना माहीत नव्हतं म्हणून. आता सांगतो. एवढंच."

माणूस खरा बोलत असेल, नसेलही. तरी पेढा घेतला.

राजरत्न दाराशी उभा होता. मी त्याला म्हटलं, तू सांग.

"तुम्ही ठरवा, बाबा. माझं नाव आहे, पण हात तुमचे आहेत."

बकुळा आतून म्हणाली, "सही नसेल करायची तर सरळ सांगा, शशिकांत भाऊजींना बदलापूरला जायचंय. मी काढते मशीन बाहेर. चार महिने ब्लाउज शिवले म्हणून काही मी झिजत नाही."

मी विचार केला तो असा. पाय सरकारच्या गाडीखाली मोडला, त्या वेळी मी हुकमावर होतो. त्याची झीज त्यांनी भरावी, आणि भरतील. पण लेथपुढे उभं राहायला मला कोणी हुकूम दिला नव्हता. पहाटे जाऊन, पुस्तक उघडं ठेवून, पहिल्यांदा लोखंडाची साल सलग निघाली तेव्हा गाळ्यात मी एकटाच होतो. ती झीज मी सरकारला देणार नाही. माझी आहे ती.

हे शशिकांतला सांगितलं नाही. त्याला सांगितलं, टायपिंग चांगलं आहे.

नोंद म्हणून लिहून ठेवतो. एका सहीच्या बदल्यात मागची सगळी थकबाकी धरून एक लाख सदतीस हजार रुपये, आणि पुढे मरेपर्यंत दरमहा नऊशे चाळीस. मी नाही म्हटलं.